दांडी आडवी होती

दांडी पाइपाच्या रेषेत असली की वॉल उघडा, आडवी असली की बंद. रंगाईखान्यात कामाला लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी एवढे शिकवतात. पुस्तकात त्याला झडप म्हणतात, कॉलेजात व्हॉल्व्ह. सोलापूरच्या पूर्व भागात तो वॉलच.

तीस वर्षांपूर्वी अशाच एका रंगाईखान्यात मी फिटरच्या हाताखाली होतो. एके दिवशी सूत रंगवायच्या मशिनला वाफ येईना. अण्णांनी जाऊन पाहिले. आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणायचो. वयाने वडिलांच्या बरोबरीचे, घरी तेलुगू, कामावर मराठी. वॉलची दांडी पाइपाच्या रेषेत होती, म्हणजे वॉल उघडा. मग वाफ अडते कुठे? पुढचा स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफेचे झालेले पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारा भाग, चोक झाला असणार. त्यांनी नियमाप्रमाणे दांडी फिरवून आडवी केली आणि ट्रॅपचे झाकण सोडायला घेतले. दोन नट सैल झाले आणि वाफेचा झोत त्यांच्या छातीवर आला, दोन्ही हातांवर आला.

वॉल बंद झालाच नव्हता. दांडी आडवी केली त्याच क्षणी तो उघडला होता. आदल्या पाळीत त्याची ग्लँड, म्हणजे दांडीखालून वाफ गळू नये म्हणून आवळलेला भाग, गळत होती म्हणून दांडी काढून नट आवळला होता, आणि दांडी परत बसवताना ती पाव फेऱ्याने चुकली होती. दांडी जिच्यावर बसते त्या कांडीचे, स्पिंडलचे, डोके चौकोनी होते. चौकोनावर दांडी चार तऱ्हांनी बसते. त्यांतल्या दोन बरोबर, दोन चूक, आणि चुकीच्या तऱ्हेनेही ती तितकीच घट्ट बसते. मशिनला वाफ येत नव्हती तीही याचमुळे. ट्रॅपला काहीच झाले नव्हते.

अण्णा वाचले. बोटे मात्र पुन्हा पुरती मिटली नाहीत, आणि सुताला गाठ मारणाऱ्या माणसाची बोटे मिटत नसतील तर त्याचे काय उरते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. कागदावर कारण लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा, वॉल बंद न करता ट्रॅप उघडला. खाटेवर पडून अण्णा येईल त्याला एकच सांगायचे, "दांडी आडवी बघूनच नट सोडलो की मी." ऐकणारा मान हलवायचा. आता झाल्यावर माणूस असेच बोलणार, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसायचे.

दांडी बसवणारा हात माझा होता. मला कुणी काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. काम जाईल, पोलिसात नाव जाईल, या भीतीने एका खऱ्या माणसाला मी खोटा ठरू दिला. हे इतक्या वर्षांनी लिहितो आहे, कारण गेल्या वर्षभरात शहरात जे बोलले गेले आणि जे बोलले गेले नाही, त्याने मला गप्प बसवेना.

९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचे विमान सुटले. त्यासाठी आपण किती वर्षे भांडलो, हे सोलापूरकराला ठाऊक आहे. विमानाच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून घराघरात दोन तट पडले, १५ जून २०२३ ला चिमणी पडली, आणि मग वाट पाहण्यात आणखी दोन वर्षे गेली. विमान आले याचा आनंद मलाही झाला. देशातला पहिला विमानांचा कारखाना १९४० साली बंगळूरला उभा करणारे वालचंद हिराचंद याच गावात जन्मले, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण विमानासोबत आणखी एक गोष्ट गावात यायला हवी होती आणि तिची मागणीच कुणी केली नाही. विमानाच्या धंद्याने रक्त सांडून कमावलेली ती एक सवय आहे: अपघात झाला की 'कुणी केले' याच्या आधी 'कसे झाले' हे शोधायचे, ते लिहून काढायचे आणि जगापुढे ठेवायचे. ही सवय आपल्या रंगाईखान्यांना, मागांच्या शेडना, बॉयलर घरांना लागू करा, असे माझे म्हणणे आहे. नुसती सदिच्छा म्हणून नव्हे, कायद्याने.

आपल्याकडे येते ते गोव्याचे विमान एटीआर ७२ जातीचे आहे, दोन पंख्यांचे. याच जातीच्या एका विमानाची गोष्ट सांगतो. ६ ऑगस्ट २००५ ला इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेर्बाला निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिने समुद्रावर बंद पडली. ३९ जण होते, त्यांतले १६ गेले. विमान सिसिलीच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर उतरवावे लागले. पंखातल्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या आणि वैमानिकापुढचे गेज इंधन आहे असे सांगत होते. का? आदल्या दिवशी इंधनाचे गेज बदलले होते, आणि बसवले ते एटीआर ४२ चे, म्हणजे धाकट्या विमानाचे. त्या विमानाच्या टाकीचा आकार वेगळा, म्हणून गेजचे गणित वेगळे. पण दोन्ही गेज एकाच खाचेत बसतात, तारा जुळतात, आकडे उजळतात. चुकीच्या जागी तितकेच घट्ट.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला अण्णांचा वॉल दिसला.

ज्याने गेज बदलले त्याच्या नावावर ती चौकशी संपली नाही. भागांच्या यादीत ते गेज चालेल असे त्याला कसे दिसले, आदल्या उड्डाणातले उरलेले इंधन आणि नवे आकडे जुळत नाहीत हे कुणाच्या ध्यानात का आले नाही, दोन वेगळे गेज एका खाचेत बसू शकतात अशी रचनाच का ठेवली, असे प्रश्न विचारले गेले. न्यायालयानेही आपले काम केले आणि वैमानिकांना शिक्षा ठोठावली. त्या शिक्षेबद्दल मतभेद आहेत, माझेही आहेत. पण खटला ही एक वाट आणि तांत्रिक तपास ही दुसरी. पहिली संपते तुरुंगाच्या दारात. दुसरी त्या जातीच्या विमानाला हात लावणाऱ्या जगातल्या प्रत्येक मेकॅनिकपर्यंत जाते.

ही दुसरी वाट कुणाच्या चांगुलपणाने पडलेली नाही. नागरी विमान वाहतुकीबद्दल देशादेशांत झालेल्या १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेले तेरावे परिशिष्ट १९५१ साली मान्य झाले. त्यात साफ लिहिले आहे की तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा त्याचा हेतू नाही. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत द्यायचा. भारत या करारात आहे.

अशा तपासाला धीर किती लागतो हे पाहायचे तर बोइंग ७३७ च्या रडरचे प्रकरण पाहावे. रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाला मागून बिजागरीने जोडलेली फळी, नावेच्या सुकाणूसारखी. विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारी. ३ मार्च १९९१ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळ एक ७३७ उतरता उतरता उलटले आणि जमिनीत घुसले. २५ जण गेले. तपास झाला आणि तपास करणाऱ्यांनी लिहून दिले की पक्के कारण सापडत नाही. मला या एका वाक्याचे फार मोल वाटते. कारण सापडले नाही म्हणून त्यांनी मेलेल्या वैमानिकाच्या नावावर ते खपवले नाही, कप्पा उघडा ठेवला. ८ सप्टेंबर १९९४ ला पिट्सबर्गजवळ दुसरे ७३७ तसेच कोसळले, १३२ जण गेले. या वेळी तपास साडेचार वर्षे चालला. वैमानिकाने घाबरून चुकीचे पेडल दाबले असेल, हा पर्यायही जोराने मांडला गेला. मग जून १९९६ मध्ये तिसऱ्या ७३७ ला तसाच झटका बसला, पण ते सुखरूप उतरले, आणि या वेळी सांगायला वैमानिक जिवंत होते.

गुन्हेगार होता एक वॉल. रडरला तेलाच्या दाबाने हलवणाऱ्या यंत्रातला, मुठीत मावेल एवढा. एका नळीत दुसरी नळी सरकते अशी त्याची रचना. एक अडकली तर दुसरीने काम भागवावे म्हणून मुद्दाम दुहेरी केलेली. गारठलेल्या वॉलमध्ये एकदम गरम तेल सोडून पाहिले तेव्हा बाहेरची नळी अडकली, आतली गरजेपेक्षा पुढे सरकली आणि तेलाची वाट उलटली. वैमानिक उजवे पेडल दाबतो आणि रडर डावीकडे जाते. जितके जोरात दाबावे तितके चुकीकडे जाते. मार्च १९९९ च्या अहवालात हे आले, ७३७ च्या रडरची यंत्रणा बदलावी लागली, आणि १९९१ च्या अपघाताचा जुना अहवाल काढून नव्या कारणासह पुन्हा लिहिला गेला. दहा वर्षांनी. तोवर त्या वैमानिकांच्या घरच्यांनी काय ऐकले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. दांडी आडवी बघूनच नट सोडलो की मी.

आणखी एक, थोडक्यात. ऑक्टोबर १९९४ मध्ये एक एटीआर ७२ अमेरिकेत रोझलॉन गावाजवळ बर्फाळ ढगात कोसळले, ६८ जण गेले. पंखाच्या पुढच्या कडेवरचे बर्फ झटकणारे रबरी पट्टे जिथे संपत होते त्याच्या मागे बर्फाचा उंचवटा जमला, आणि विमान कलते करणारी पंखाच्या टोकाची फळी आपोआप एका बाजूला खेचली गेली. पुढे ते पट्टे रुंद केले. या तपासात अमेरिकेच्या आणि फ्रान्सच्या तपासयंत्रणांचे पटले नाही, तर फ्रान्सचे म्हणणे अहवालाचा दुसरा खंड म्हणून छापले गेले. वाद दडवला नाही, बांधून वाचकाच्या हातात दिला.

आता आपल्या देशाकडे येतो. सोलापूरचे पहिले विमान सुटले त्याला तीन दिवस होतात न होतात तोच, १२ जूनला, अहमदाबादेत लंडनला निघालेले ड्रीमलायनर वसतिगृहावर पडले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. बरोबर एक महिन्याने प्राथमिक अहवाल आला. त्यात सेकंदांचा हिशेब आहे. दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ४२ सेकंदांच्या सुमाराला दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'चालू'वरून 'बंद'वर गेले. ५२ व्या सेकंदाला पहिला परत चालू, ५६ व्या सेकंदाला दुसरा. एक वैमानिक विचारतो, तू बंद का केलेस. दुसरा म्हणतो, मी केले नाही. हा स्विच उचलून मगच सरकवावा लागतो, धक्क्याने हलू नये म्हणून. तो सरकला की टाकीजवळचा आणि इंजिनातला, असे दोन्ही वॉल मिटतात.

स्विच गेले हे अहवालाने लिहिले; का गेले हे त्याने लिहिले नाही. पण त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर निकाल लागला होता. माझ्या शेजारच्या सुशिक्षित गृहस्थांनी वैमानिकाचे घर, आजार, लग्न, सगळे काढले. मी त्यांना एवढेच म्हटले की काका, अजून तपास चालू आहे. ते म्हणाले, आता काय राहिलंय? राहिले होते ते 'कसे'. तेवढ्यासाठीच तर अख्खा तपास असतो. आपली तपासयंत्रणा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्याच छत्राखाली बसते, हेही मला खटकते. ज्याच्या नियमांची तपासणी करायची त्याच्यापासून ती दूर असायला हवी. पण दोष असूनही तिथे पद्धत आहे, मुदत आहे, आणि कागद लोकांच्या हाती येतो.

या अपघाताच्या पंचवीस दिवस आधी, १८ मे २०२५ च्या पहाटे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. मालक, त्यांच्या घरची माणसे, कामगार. त्यांत तान्हे मूलही होते. शहर दोन दिवस सुन्न होते. कुणाला दोष द्यायला मी ही आग काढलेली नाही. मालकच तिच्यात गेले, तिथे दोष कुणाला देणार? मला विचारायचे आहे ते असे: आग प्रथम कुठे धरली, सुताचा साठा जिन्यापासून किती अंतरावर होता, धूर वर किती मिनिटांत पोचला, बाहेर पडायच्या वाटा किती, पाणी कुठे कमी पडले, याचा मिनिटामिनिटाचा हिशेब शेजारच्या शेडच्या मालकाला वाचायला मिळायला नको का? खाली माग आणि वर बिऱ्हाड, अशी घरे आपल्या गावात अजून आहेत. आज रात्री तिथे माणसे झोपतील.

कायद्यात तरतूद नव्हती असे नाही. पाऊणशे वर्षे ज्यावर आपले कारखाने चालले, त्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ९० होते. अपघाताची चौकशी नेमायचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला, आणि अहवालाबद्दल म्हटले की सरकारला योग्य वाटले तर तो प्रसिद्ध करावा. योग्य वाटले तर. विमानाच्या आणि मागाच्या अपघातातला सारा फरक या तीन शब्दांत आहे. आता त्या अधिनियमाच्या जागी २०२० ची सुरक्षा आणि आरोग्याची संहिता आली आहे. आपल्या आमदार-खासदारांनी आणि कामगार संघटनांनी या तीन शब्दांविरुद्ध उभे राहावे. माणूस दगावला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर तीस दिवसांत घटनेचा निखळ वृत्तान्त आणि वर्षाच्या आत पूर्ण अहवाल प्रसिद्ध झालाच पाहिजे. तपासणारा माणूस परवाने देणाऱ्या कचेरीतला नसावा. आणि अहवाल मराठीत असावा, शिवाय तेलुगूत आणि कन्नडमध्ये, कारण सोलापुरात वॉल फिरवणारा हात या तिन्ही भाषांत विचार करतो.

यावर मला नेहमी सांगितले जाते की अशाने दोषी सुटतील. उलट आहे. आज 'कामगाराचा निष्काळजीपणा' या दोन शब्दांनी किती खरे दोषी सुटतात, ते मी आतून पाहिले आहे. त्यांतला एक मीच आहे. पोलिसांचा तपास चालू द्या, त्याला कुणी अडवलेले नाही. फक्त 'कसे झाले' शोधणाऱ्यापुढे माणसाने जे खरे सांगितले, ते त्याच्याच गळ्यात फास म्हणून अडकवू नका.

कारखानदार मित्र म्हणतात, आधीच धंदा मेटाकुटीला आलाय, सुताचे भाव, विजेचे बिल, त्यात हे कशाला. त्यांचे हाल मला ठाऊक आहेत. गिरण्यांचे भोंगे बंद पडताना मी पाहिले आहेत, आणि आठ माग चालवणारा माणूस काही धनदांडगा नसतो. पण अहवाल लिहायचा खर्च त्याने करायचा नाही, सरकारने करायचा आहे. त्याला मिळेल ते ज्ञान फुकट मिळेल. दुसऱ्याच्या शेडमध्ये जे घडले ते आपल्या शेडमध्ये घडू नये यासाठी काय बदलायचे, हे आज त्याला कोण सांगते? विम्याचा एजंटसुद्धा सांगत नाही.

आणि जे घडता घडता राहिले, त्याचे काय? डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ उतरायला निघालेले एक विमान डोंगराला धडकले, ९२ जण गेले. तपासात कळले की दीडच महिना आधी दुसऱ्या कंपनीचे वैमानिक त्याच जागी तसेच फसता फसता वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीला सांगितले होते. इतरांना कळवायची सोयच नव्हती. त्यानंतर १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांनी आणि मेकॅनिकांनी आपल्या चुका गुप्तपणे कळवायची व्यवस्था सुरू झाली. ती चालवायला दिली नासाकडे, परवाना काढून घेणाऱ्या खात्याकडे नव्हे. दांडी चुकीची बसवली, असे एखाद्या पोराला घाबरत का होईना कळवता येईल, अशी एक खिडकी या जिल्ह्यात असावी. इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत, तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. त्यांतले कुणीही ती चालवू शकेल. ती माझ्या वेळी असती तर मी गेलो असतो. तेव्हा वीस वर्षांचा होतो, तेवढे धैर्य माझ्यात होते. कारखान्याच्या ऑफिसात जायचे नव्हते.

मी केले ते इतकेच. अण्णांना नेले त्या आठवड्यात रात्रपाळीला हॅकसॉ घेऊन आमच्या खात्यातल्या एकोणीस वॉलच्या स्पिंडलवर वॉलच्या आतल्या भोकाच्या दिशेने एकेक खाच पाडली. दांडी कशीही बसो, खाच पाइपाच्या रेषेत असली की वॉल उघडा. कुणी विचारले नाही, मी सांगितले नाही. भिंतीपलीकडच्या रंगाईखान्यातही तेच चौकोनी स्पिंडलचे वॉल होते. तिथे खाचा कुणी पाडल्या नाहीत.